पाण्याचं नाव तिरकं

दारावरची पाटी पडली तेव्हा नकाशेकाका आत बसून चहात बिस्कीट बुडवत होते. आवाज ऐकून त्यांना पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की कोणीतरी आलं. ते हातातलं बिस्कीट तसंच टाकून दाराकडे धावले, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. पायपुसण्यावर पाटी पालथी पडली होती आणि शेजारी तिचा गंजलेला स्क्रू. काका परत येईपर्यंत बिस्कीट कपाच्या तळाशी गेलं होतं.

नकाशेकाका हे त्यांचं आडनाव नव्हे. सारी नोकरी मोजणी कचेरीत, नकाशांवर नावं लिहिण्यात गेली म्हणून बिल्डिंगने त्यांना ते बहाल केलं होतं. गावं, डोंगर, तळी, नाले, सगळ्यांची नावं त्यांनी टाकाने, शाईने, श्वास रोखून लिहिली. शेवटी शेवटी कचेरीत कॉम्प्युटर आला आणि काकांचा टाक कपाटात गेला. पण नजर काही कपाटात ठेवता येत नाही. ते रस्त्याने चालताना माणसं बघत नसत, दुकानांच्या पाट्या बघत. एकदा एका आजारी मित्राला भेटायला दवाखान्यात गेले आणि 'शांतता राखा' या पाटीसमोर उभे राहून इतका वेळ हळहळले, की नर्सने त्यांना खुर्ची आणून दिली आणि धीर धरायला सांगितलं.

तर पाटी पडली. आता चार स्क्रू आणून तीच पुन्हा ठोकायची, हे कोणाही शहाण्या माणसाला सुचलं असतं. काकांनाही सुचलं होतं. पण संध्याकाळी काकूंचा फोन आला आणि सगळं बिघडलं.

काकू लेकीकडे होत्या. लेक दूरच्या शहरात, गाडीने रात्रभराच्या अंतरावर. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून काकू दोन-तीन महिन्यांसाठी गेल्या, मग बाळाला सारखी सर्दी व्हायला लागली, मग लेकीची रजा संपली, मग बाळ रांगायला लागलं आणि रांगणाऱ्या बाळाला सोडून कसं यायचं, मग ते चालायला लागलं आणि चालणाऱ्याला तर मुळीच सोडता येत नाही. 'पुढच्या महिन्यात येतेच' असं म्हणता म्हणता दीड वर्ष झालं होतं. मध्ये काका तिकडे आठवडाभर राहून आले. दोन खोल्यांचं घर. काका हॉलमध्ये झोपत आणि जावई बिचारा सकाळी चोरपावलांनी त्यांना ओलांडून पाणी प्यायला जाई. एके दिवशी त्याचा पाय काकांच्या चष्म्यावर पडला. जावयाने इतक्यांदा माफी मागितली, की काकांनी त्याच दिवशी परतीचं तिकीट काढलं.

"कसं चाललंय?" काकूंनी फोनवर रोजचा प्रश्न विचारला.

"मस्त चाललंय," काकांनी रोजचं उत्तर दिलं. "पाटी पडली."

"बरं झालं," काकू हसून म्हणाल्या. "माझं कुठे नाव होतं त्यावर? आठवतं ना, तो पार्सलवाला परत गेला होता? म्हणे, या नावाचं इथे कोणी राहत नाही."

काकूंनी हे सहज म्हटलं आणि बाळाच्या तोंडातून चपलेचा पट्टा काढायला त्या पळाल्या. इकडे काका फोन हातात धरून बसून राहिले. या नावाचं इथे कोणी राहत नाही. पार्सलवाला तेव्हा खोटं बोलला होता, पण आता आला तर खरं बोलेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते काही केल्या जाईना.

सकाळपर्यंत काकांचा निश्चय झाला. नवी पाटी करायची, वर तिचं नाव आणि खाली आपलं. आणि पाटी लागली की ती येईल. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, आणि 'ये' असं तोंडाने म्हणण्यापेक्षा पाटी करणं त्यांना पुष्कळच सोपं वाटलं. यावरून त्यांचा पाट्यांचा अनुभव किती कमी होता ते कळतं.

खरं तर त्यांना ती स्वतःच लिहायची होती. कपाटातून टाक काढला, शाई पातळ केली, खिडकीपाशी पाट मांडला. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या उजव्या हाताला बारीकशी थरथर सुटली होती. काकूंच्या नावात एक ळ होता. ळ हे अक्षर काढायला दोन्ही गाठी सारख्या यायला लागतात आणि हात मध्ये कुठे थांबून चालत नाही. काकांचा ळ असा आला, की जणू त्याला थंडी वाजतेय. त्यांनी तो कागद चुरगाळला, मग पुन्हा सरळ केला, घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला आणि पायात चपला घातल्या.

पाटीवाल्याचं दुकान चौकात होतं. पाटीवाला खुर्चीतून न उठता म्हणाला, "बोला काका. फॉन्ट कोणता?"

"म्हणजे अक्षर," काका म्हणाले.

"तेच ते." त्याने पडदा काकांकडे वळवला. त्यावर काकूंचं नाव उमटलं आणि पाटीवाला बोटाने चाक फिरवू लागला, तसं ते नाव भराभरा कपडे बदलू लागलं. जाड झालं, रोड झालं, लठ्ठ झालं, अंगावर वेलबुट्टी घेऊन आलं. काका बघतच राहिले. इतक्या दिवसांनी तिचं नाव त्यांच्यासमोर होतं, आणि त्यातल्या एकाही नावात ती नव्हती.

"हा ळ आहे की पडलेली सायकल?" काका एका फॉन्टला म्हणाले. दुसऱ्यातला ळ चष्मा निघाला. तिसऱ्यात अक्षरं एकमेकांपासून इतकी फटकून उभी होती, की काकांच्या मते त्यांच्यात बोलणंच बंद असावं. चौथा पाटीवाल्याच्या फार आवडीचा, सगळ्या अक्षरांची टोकं कुरळी.

"लग्नाच्या पत्रिकेत हाच चालतो," तो म्हणाला.

"आमचं लग्न झालंय," काकांनी सांगितलं.

काका चार दिवस ओळीने दुकानात जात राहिले. पाचव्या दिवशी पाटीवाल्याने हात जोडले. "काका, लोक येतात, 'चांगलासा टाका' म्हणतात आणि चहा संपायच्या आत पाटी घेऊन जातात. तुमच्या नावाचं काय ते सांगा, निदान ते तरी उरकू."

"माझं कसंही चालेल. सरळ, साधं. तिचं मात्र तिरकं पाहिजे."

"एका पाटीवर एक सरळ, एक तिरकं? का?"

"नियम आहे," काका म्हणाले.

नियम खराच होता, पण तो पाट्यांचा नव्हता, नकाशांचा होता. मोजणी कचेरीत वस्तीची नावं सरळ अक्षरात लिहीत आणि पाण्याची तिरक्या. नदी असो, तळं असो, विहीर असो, पाण्याचं नाव उजवीकडे कललेलं. काकांचं नवं नवं लग्न झालेलं असताना एक नकाशा त्यांच्या टेबलावर आला. त्यात एक ओढा होता, बारीकसा, बिननावाचा. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, टाक शाईत बुडवला आणि ओढ्याच्या काठाने तिरक्या अक्षरात बायकोचं नाव लिहिलं. तसा ळ त्यांना आधी कधी साधला नव्हता आणि पुढेही साधला नाही. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी नकाशा तपासला, एक शब्द न बोलता पातं घेऊन ते नाव खरवडून टाकलं, आणि जाता जाता म्हणाले, "अक्षर छान आहे." हे काकांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. आधी लाज वाटली म्हणून, आणि नंतर फार दिवस झाले म्हणून.

हे सगळं पाटीवाल्याला सांगणं शक्य नव्हतं. त्याने बिचाऱ्याने नाव निरनिराळ्या फॉन्टमध्ये, प्रत्येकी एका मोठ्या कागदावर छापून दिलं. "घरी भिंतीला लावा, येता-जाता बघा, कोणावर तरी मन बसेल," म्हणाला. वर स्वतःच्या मनाने एक जास्तीचा कागद घातला. त्यातली अक्षरं काळीकुट्ट, अंगाने पहिलवान, आणि भोवती बोटभर जाडीची काळी चौकट. "हा पेपरात फार चालतो," त्याने सांगितलं. पेपरात कुठल्या पानावर चालतो, ते काकांनी विचारलं नाही.

काकांनी हॉलची एक अख्खी भिंत कागदांनी भरली. काळा पहिलवान त्यांनी टेबलावरच ठेवला. मग सल्ले सुरू झाले.

पहिला सल्ला समोरच्या दारातून आला. तिथे निवृत्त मुख्याध्यापिका राहत. काका बाहेरून आले की खिशात किल्ली असूनही आधी स्वतःच्या घराची बेल वाजवतात, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं बेल वाजवली की काकू दार उघडत. बोटाला ती सवय होती. बेल वाजे, काका क्षणभर उभे राहत आणि मग किल्ली काढत. एकदा बाईंनी दारातून विचारलं, "आत कोण आहे उघडायला?" काका म्हणाले, "बेल चालू आहे का ते बघत होतो." त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. बाईंच्या दृष्टीने हे फार होतं.

भिंतीसमोर मात्र त्यांनी कसर भरून काढली. लाल पेन घेऊनच आल्या. "हा फॉन्ट उद्धट आहे," त्यांनी पहिल्यावर फुली मारली. "हा मागच्या बाकावर बसणारा. हा हुशार आहे, पण घरून लक्ष दिलेलं नाही. आणि हा," त्या कुरळ्या अक्षरांपुढे थांबल्या, "याच्या पालकांना बोलावून घ्यायला हवं."

"मग कोणता घेऊ?"

"मी असते तर कोणताच घेतला नसता. तिकीट काढलं असतं आणि तिला जाऊन घेऊन आले असते," बाई म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावून भाच्याकडे दोन दिवसांसाठी निघून गेल्या. काका बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत राहिले. जाऊन आणायचं म्हणजे लेकीच्या तोंडावर सांगायचं, की तुझी आई मला परत हवी. बाळ एका हाताला आणि आपण दुसऱ्या, अशी ओढाओढ. ते त्यांच्याने होणारं नव्हतं.

दुसरा सल्ला सोसायटीच्या सेक्रेटरींकडून आला. सल्ला नव्हताच तो, ठराव होता. सेक्रेटरींना दाराची पाटी पडल्याचं कळलं होतं आणि ते नियमावली घेऊनच वर आले होते.

"पाटी तपकिरी, अक्षरं पांढरी, आणि एका पाटीवर एकच अक्षरवळण. दोन चालणार नाहीत."

"पण पूर्वी कोणी विचारलं नाही."

"पूर्वी कोणी बदलली नाही." सेक्रेटरींनी भिंतीकडे एक नजर टाकली. "माझं ऐकाल तर नुसता घराचा नंबर लावा. नंबरावरून भांडणं होत नाहीत. नाहीतर मग रीतसर अर्ज, सोबत नमुना. नमुना आठवडाभर खालच्या फलकावर लागेल. कोणाची हरकत आली नाही, तर समितीपुढे ठेवू."

काकांनी अर्ज लिहिला. नमुना म्हणून सेक्रेटरींनी टेबलावरचा कागद उचलला.

"तो नको!" काका ओरडले. "तो पहिलवान आहे!"

"नमुना लांबून दिसला पाहिजे," सेक्रेटरी म्हणाले. "बाकीचे दिसत नाहीत. नमुना म्हणजे काही शेवटची निवड नव्हे." आणि ते कागद घेऊन गेले. काकांना वाईट वाटलं, पण कामाला गती आली म्हणून ते गप्प बसले. माणूस गप्प बसला, की पुढच्या सगळ्या गोष्टी कशा बिनबोभाट घडत जातात!

फलक काचेचा, कुलपातला आणि त्या कागदापेक्षा थोडासाच मोठा होता. पहारेकऱ्याने काकूंच्या नावाचा कागद बरोबर मधोमध लावला. त्याखाली सेक्रेटरींनी स्वतः टाइप केलेली सूचना लावली: 'सदर नमुन्याबाबत हरकत असल्यास आठवड्यात कळवावे.' आणि या सूचनेवर, जागा नाही म्हणून, पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना लावली. मग फलकाला कुलूप घातलं आणि सेक्रेटरी कामानिमित्त बाहेरगावी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातांचे डॉक्टर आपला दवाखाना उघडायला आले. दवाखाना तळमजल्यावर, फलकाच्या समोर. डॉक्टर सोसायटीचे चेअरमन होते आणि मनाने फार हळवे. दात काढताना पेशंटपेक्षा त्यांच्याच डोळ्यांत जास्त पाणी येई. त्यांनी काचेत पाहिलं. जाड काळी चौकट, आत काकूंचं नाव, आणि खाली, टाकी धुणार असल्याने पाणी जपून वापरावे. डॉक्टरांनी हातातली किल्ली खिशात टाकली. दवाखाना त्या दिवशी उघडला नाही.

काका दाढी करत होते तेव्हा बेल वाजली. दारात डॉक्टर, त्यांच्या मागे तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आणि त्यांच्या मागे जिन्यावर अर्धी बिल्डिंग. सगळे खाली मान घालून उभे. डॉक्टरांच्या हातात पांढरी फुलं.

काकांचा ऊर भरून आला. एका पाटीच्या अक्षरासाठी इतके लोक! आपण उगाच या बिल्डिंगला नावं ठेवत होतो, असं त्यांना वाटलं. "या, या, आत या," ते साबणाच्या तोंडाने म्हणाले. "हरकत कोणाची आहे?"

"हरकत कोण घेणार, काका?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "त्याच्या मर्जीपुढे कोणाचं चालतं?"

"सेक्रेटरींच्या ना? अगदी खरं."

आत आल्यावर लोकांनी भिंत पाहिली. वरपासून खालपर्यंत बायकोचं नाव. जाड, बारीक, सरळ, कुरळं. काहींवर लाल फुल्या. एका बाईंनी पदर तोंडाला लावला. कोणीतरी कुजबुजलं, "फार मनाला लावून घेतलंय." सगळे मिळेल तिथे बसले आणि बोलेनात. काकांनी फुलं घेतली, ती कशासाठी ते कळलं नाही, म्हणून तांब्यात ठेवली. अशा शांततेत काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी अक्षरांमधल्या अंतराचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. लोक त्यांच्याकडे असे बघत होते, की काकांना पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग शिवणकाम करणाऱ्या बाईंना राहवलं नाही. "माझं मशीन मोडलं होतं ना," त्या रडत म्हणाल्या, "तेव्हा काकूंनी त्यांचं वर आणून दिलं. म्हणाल्या, माझं पडूनच आहे. पडून नव्हतं हो! मी इथे बघितलं होतं, त्यावर अर्धं झालेलं झबलं होतं. कसं राहणार आता तुम्ही एकटे?"

हा प्रश्न काकांना दीड वर्षात कोणी विचारला नव्हता. 'कसं चाललंय?' असं सगळे विचारत आणि त्याला 'मस्त' हे उत्तर तयार असे. याला तयार उत्तर नव्हतं. काकांनी तोंड उघडलं आणि आतून काय येतंय ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं.

"एकटाच आहे की," ते म्हणाले. "सकाळी दोन कप चहा टाकतो. सवय जात नाही. मग दुसरा कप दहा वाजता गरम करून पितो, तो चांगला लागत नाही. तिच्या बाजूची खिडकी उघडत नाही, कारण ती कशी उघडायची ते तिलाच जमतं, वर उचलून मग ढकलावी लागते. बोलायला कोणी नाही म्हणून पाट्यांवर टीका करत हिंडतो. बाहेरून आलो की बेल..." आणि नकाशेकाका, अर्ध्या दाढीचे, साबण वाळलेले, भरल्या घरात लहान मुलासारखे रडू लागले.

आता मात्र कोणाच्याच मनात शंका उरली नाही. डॉक्टरांनी डोळे पुसले आणि कर्तव्य म्हणून लेकीला धीर द्यायला फोन घेऊन ते गॅलरीत गेले. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका भाच्याकडून परतल्या. दारातली चपलांची रास बघून त्या बॅगेसकट आत शिरल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

कोणीतरी काकूंचं नाव घेतलं.

"कोण म्हणतं?"

"खाली फलकावर लागलंय ना."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग काकांकडे, मग सगळ्यांकडे, आणि शाळा सुटल्यावरही मैदानाच्या टोकाला ऐकू जायचा तो आवाज काढला. "अहो, तो फॉन्ट आहे!"

तेवढ्यात गॅलरीचं दार उघडलं. डॉक्टर आत आले. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या त्या माणसाचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांनी फोन काकांपुढे धरला.

"त्याच... त्याच बोलतायत," ते म्हणाले.

काकूंनी तिकडून व्हिडिओ लावला होता आणि फोनवर त्यांचा चेहरा होता. एका हातावर बाळ. "अहो, लेकीचा फोन मी उचलला, तर मी गेले असं हे डॉक्टर मलाच सांगतायत," त्या म्हणाल्या. "म्हणाले, 'ताई, आईंच्या जाण्याने फार मोठी पोकळी...' मी म्हटलं, डॉक्टर, मीच बोलतेय, तर त्यांनी फोन टाकलाच असता. काय चाललंय काय तिकडे?"

काकांनी सांगितलं. पाटी, पाटीवाला, ठराव, फलक, पहिलवान, सगळं सांगितलं. काकू आधी हसल्या, मग बाळ घाबरेपर्यंत हसल्या. "रडलं का कोणी?"

"शिवणवाल्या बाई रडल्या."

"आणि तुम्ही?"

काकांनी उत्तर टाळायला भिंतीवरून एक कागद काढला आणि फोनपुढे धरला. "हा बघ. हा कसा वाटतो?"

"चष्मा नाही डोळ्यावर. काही दिसत नाही."

"आणि हा?"

"नुसत्या मुंग्या."

एकेक कागद झाला. शेवटी कोणीतरी खाली पळत जाऊन पहारेकऱ्याकडून फलक उघडवला आणि पहिलवान वर आणला. काकांनी नाइलाजाने तोही धरला.

"हा दिसतो!" काकू म्हणाल्या. "हाच घ्या. चौकट तेवढी काढा."

"अगं, यात तू गेलेली वाटतेस."

"बाकीच्यात मी असून दिसत नाही, त्याचं काय? पण मघापासून प्रत्येक कागदाला 'हा तिरका करून घेऊ' असं का पुटपुटताय?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळ्या बिल्डिंगच्या देखत काकांनी तो ओढा सांगितला. पाण्याचं नाव तिरकं लिहायचा नियम सांगितला, साहेबांचं पातं सांगितलं. पलीकडे बाळाने काकूंच्या नाकात बोट घातलं तरी त्यांनी ते काढलं नाही.

"ओढाच होता?" मग त्या म्हणाल्या. "एखादी नदी नव्हती का?"

"नद्यांना आधीच नावं होती."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तो कागद खाली घ्या बघू. मघापासून कागदच बघतेय. तोंड दाखवा."

काकांनी कागद खाली केला. अर्धी दाढी, वाळलेला साबण, सुजलेले डोळे. काकू चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"किती वाळलात हो," त्या म्हणाल्या. "रोज विचारते तर मस्त चाललंय म्हणता. मला वाटलं, खरंच मस्त चाललंय. मला वाटलं, मी नसले तरी यांचं काही अडत नाही. मी इथे किती वेळा बॅग भरली आणि उपसली, ठाऊक आहे? म्हटलं, तिकडे कोणी वाट बघत असेल तर जाण्यात अर्थ."

डॉक्टर फुलांकडे बघू लागले. मुख्याध्यापिका बॅगेच्या कुलपाशी खेळू लागल्या. आणि ज्यासाठी काकांनी चौकात खेटे घातले होते, भिंत भरली होती, ठराव झेलले होते, ते त्यांनी अखेर दोन शब्दांत उरकलं.

"घरी ये," ते म्हणाले.

काकूंच्या मागून लेकीचा आवाज आला. ती केव्हापासून तिथे उभी होती कोण जाणे. "बाबा, मला एकदा तरी सांगायचंत! मी बाळासाठी पाळणाघर कधीचं बघून ठेवलंय. आईच म्हणत होती, बाबांना काही घाई नाही."

पाटीला परवानगी लगेच मिळाली. सेक्रेटरी परत आले तेव्हा एकाच पाटीवर दोन वळणं, एक सरळ आणि एक तिरकं, असा अर्ज चेअरमननी आधीच मंजूर करून ठेवला होता. सेक्रेटरींनी नियमावली उघडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या नमुन्यामुळे मी एका जिवंत बाईला तिच्याच जाण्याबद्दल धीर दिलाय. सही करा." सेक्रेटरींनी सही केली. हरकत कोणाचीच आली नाही.

काकू रविवारी सकाळच्या गाडीने आल्या. काका स्टेशनवर गाडीच्या बरंच आधी जाऊन उभे होते आणि तोवर त्यांनी फलाटावरच्या सगळ्या पाट्यांना माफ करून टाकलं होतं. परतीचं तिकीट काढलंस का, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं, पण घरापर्यंत त्यांनी दम धरला. घरात शिरताच काकूंनी आपल्या बाजूची खिडकी वर उचलून ढकलली, ती उघडली, आणि मग त्या स्वतःच म्हणाल्या, "तिकीट काढलेलं नाही हो. आता अधूनमधून जाऊ. दोघं जाऊ. जावयाला सांगितलंय, चष्मा जपून." मग त्यांनी भिंत पाहिली आणि हे कागद आधी उतरवा म्हणाल्या.

पाटी दुपारी मिळणार होती. काका चौकात गेले. पाटीवाल्याने ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी दुकानातच कागद उघडून पाहिलं. वर तिचं नाव, काळं नव्हे, पांढरं, पहिलवानी अंगाचं आणि उजवीकडे कललेलं. ळ त्यांनी नीट निरखला. डावी गाठ उजवीपेक्षा किंचित मोठी होती. काकांनी पाटी पुन्हा गुंडाळली. नावात ती लांबूनही दिसत होती.

जिना चढून ते दारापाशी आले. पाटीच्या जागी अजून फिकट चौकोन होता. समोरच्या मुख्याध्यापिका दूध घ्यायला दारात उभ्या होत्या. पाटी बगलेत धरून काकांनी सवयीने बेल वाजवली आणि क्षणभर उभे राहिले.

"आले, आले!" आतून आवाज आला. पावलं आली, कडी वाजली, दार उघडलं. काकूंच्या हाताला पीठ लागलं होतं.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "किल्ली नेली नव्हतीत का?"

"नेली होती," काका म्हणाले, आणि आत गेले.